लिंबाचा पदर

उदगीर, जि. उस्मानाबाद
२२ मार्च १९७३

प्रिय भुजंग,

हे काय वागणं झालं? मी दोन दिवस लातूरला काय गेलो, तू पिशवी उचलून चालता झालास. ना निरोप, ना रामराम. हत्यारं अंगणात तशीच पडलेली. सुतार हत्यारं टाकून जातो म्हणजे एक तर त्याच्या घरी काही वाईट घडलेलं असतं, नाहीतर तो कुणावर तरी रुसलेला असतो. घरी सगळं ठीक असू दे. रुसला असशील तर कुणावर, तेवढं कळव.

सहा महिने आमच्या ओसरीवर राहिलास. चौकटी केल्यास, देव्हारा केलास, सांजच्याला भाकरी खाताना मला लाकडांच्या गोष्टी सांगितल्यास. आता ओसरी सुनी वाटते. आडत दुकानदाराला असं लिहिणं शोभत नाही, पण लिहितो.

एक खबर आहे. अंगणातला कडुलिंब, जो दुष्काळानं मेला म्हणून आपण सगळे मोकळे झालो होतो, तो फुटला! ज्या खोडावर तू आईला कोरत होतास त्याच खोडावर, मूर्तीच्या डोक्याच्या वर, बोटभर तांबडी पालवी आली आहे. आई दिवसभर त्याच्याखाली बसून असते. मला म्हणते, "त्याला बोलीव. त्यानंच उठीवलं झाडाला." मूर्तीच्या डोक्यावरचा पदर तेवढा राहिलाय, तो पुरा करायला ये. हत्यारं मी तेल लावून ठेवतो.

तुझा,
रेवणसिद्ध


उदगीर, जि. लातूर
२५ ऑगस्ट १९८२

प्रिय भुजंग,

वर जिल्हा लिहिताना आधी उस्मानाबाद लिहिलं, मग कागद फाडून दुसरा घेतला. पंधरा ऑगस्टपासून आम्ही लातूर जिल्ह्यात. गावात पताका लागल्या, भाषणं झाली. आई म्हणाली, "लग्न होऊन आले तवा बिदर जिल्हा, मग उस्मानाबाद, आता लातूर. म्या तर चुलीपासून उठलेबी न्हाई."

नऊ वर्षांपूर्वी मी तुला तुझ्या गावच्या पत्त्यावर आंतरदेशीय पत्र टाकलं होतं. तुझं उत्तर आलं नाही. मग मीही रुसलो. दोघं रुसले की मधल्या पोस्टमनला आराम.

तुझा ठावठिकाणा कसा लागला ते ऐक. गेल्या हिवाळ्यात माळेगावच्या जत्रेला गेलो होतो, बैलजोडी बघायला. ऊन लागलं म्हणून एका गाडीच्या सावलीला टेकलो आणि सहज वर पाहिलं, तर गाडीच्या खालच्या अंगाला, जिथं बैलाशिवाय कुणाची नजर जायची नाही अशा जागी, लिंबाचं एक पान कोरलेलं. एका बाजूनं किंचित वळलेलं. आमच्या देव्हाऱ्यावर आहे अगदी तसंच. मी गाडीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "हदगावच्या भुजंग सुताराची हाय गाडी." मी तिथंच बसून राहिलो, बैलांचा सौदा हातचा गेला.

आता कामाचं. जिल्हा झाला तशी मोंढ्यात धान्याची वर्दळ वाढली. अंगणात गोदाम बांधावं म्हणतो. मधे लिंब येतो, तो काढावा लागेल. पण खोडावर तुझी मूर्ती आहे. करवत कुठून लावली म्हणजे मूर्ती शाबूत निघेल, हे तुझ्याशिवाय कोण सांगणार? स्वतः येऊन काढलीस आणि पुरी केलीस तर त्याहून चांगलं. आईला मी अजून स्पष्ट सांगितलेलं नाही. तिला कुणकुण लागली आहे असं वाटतं.

तुझा,
रेवणसिद्ध


हदगाव, जि. नांदेड
६ सप्टेंबर १९८२

रेवणअप्पा यांस भुजंगचा नमस्कार.

पत्र पावलं. तुम्ही याद ठेवली, मेहरबानी आहे. माझं इथं बरं चाललं आहे. हदगावात बाजाराच्या वाटेवर दुकान आहे. गाड्या, तिफणी, चौकटी करतो. मूर्ती वगैरे करीत नाही. तो नाद तेव्हाच सुटला.

त्या वाळक्या खोडाचं एवढं काय? खुशाल तोडा. मूर्तीसकट तोडा आणि चुलीत घाला. माझी हरकत नाही. उलट ती राहिली नाही तर मला बरंच वाटेल.

हत्यारं कुणा गरजूला देऊन टाका.

आपला,
भुजंग


उदगीर
१५ सप्टेंबर १९८२

भुजंग,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाईट वाटलं. चार ओळींच्या पत्रात तू एकदाही आई कशी आहे हे विचारलं नाहीस. जिनं तुला सहा महिने स्वतःच्या हातानं वाढलं तिचं नावसुद्धा नाही! दुष्काळात आमच्याकडंही ज्वारी मोजूनच शिजत होती. तुझ्या ताटात अर्धी भाकरी जास्त पडायची ती कुणाच्या वाटणीची, हे तुला तेव्हा कळलं नव्हतं का?

तू म्हणालास तसं करतो. येत्या चार ऑक्टोबरला करवतवाले यायचे आहेत. आईला सांगितलं. तीन दिवस झाले, माझ्याशी बोलतच नाही. जेवायला वाढते आणि लिंबाखाली जाऊन बसते.

माझ्या मनातून मात्र जात नाही. ज्यानं जीव ओतून केलं तोच 'चुलीत घाला' म्हणतो, म्हणजे काहीतरी झालंय. त्या दिवशी मी घरी नव्हतो. भांडण झालं होतं का? आई काही बोलली होती का? चार तारखेच्या आत कळव. नंतर कळवून उपयोग नाही.

रेवणसिद्ध


हदगाव
२४ सप्टेंबर १९८२

रेवणअप्पा यांस,

तुम्ही ताटाचं लिहिलंत आणि मला रडू आलं. मी पत्र बाजूला ठेवलं तर चतुराबाईनं, माझ्या कारभारणीनं, ते उचललं आणि म्हणाली, "काय झालं ते एकदा लिवून मोकळे व्हा. नऊ वर्सं मला बी सांगितलं न्हाई तुमी." म्हणून लिहितो. लांबेल.

माझे वडील पक्के सुतार. त्यांनी मला लाकूड सरळ करायला शिकवलं. वाकडं दिसलं की तासायचं, गाठ आली की टाळायची. पंचवीस वर्षांचा होईतो मला तेवढंच लाकूड माहीत होतं. मग बाहत्तरचा पाऊस आलाच नाही. गाडी, तिफण कोण करून घेणार? मी दिवसभर पैनगंगेच्या कोरड्या पात्रात हिंडायचो. पाणी एका डोहापुरतं उरलं होतं. काठाची माती ढासळून उंबरांची, करंजांची मुळं उघडी पडली होती. आयुष्यभर मातीखाली असलेली मुळं! त्यांत मला एकेक दिसू लागलं. वाकून पाणी पिणारी गाय दिसली. पाठमोरी बसलेली बाई दिसली. एका दगडाला मुळानं दोन्ही हातांनी धरलं होतं आणि पाणी गेल्यावरही सोडलं नव्हतं. त्या मुळांत एक रेघ सरळ नव्हती आणि एकही रेघ चुकलेली नव्हती. मी घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "उपाशीपोटी असंच दिसतं."

पण ते दिसणं गेलं नाही. तुमच्या गावी कामाला आलो ते डोळे तसेच घेऊन. तुमचा लिंब तेव्हा वाळून खडखडीत झालेला. अंगावर पान नाही. तरी आई रोज भांडी विसळलेलं पाणी त्याच्या बुडाशी नेऊन ओतायच्या. ओतून झालं की एक हात खोडाला टेकून जरा वेळ उभ्या राहायच्या, कुणी आजाऱ्याजवळ उभं राहतं तशा. मी ओसरीवरून बघायचो. पुढं पुढं त्या आत गेल्या तरी मला त्या खोडात तशाच उभ्या दिसायच्या. खांद्याची जागा होती, वाकलेल्या मानेची जागा होती. मी फक्त वरचं सालपट काढायचं बाकी होतं.

जिवंत माणसाचं तोंड वाळक्या लाकडात कोरू नये असं वडील सांगायचे, त्याचं आयुष्य कमी होतं म्हणून. मला ते माहीत होतं. तरी मी कोरलं, आणि आईंना न विचारता. तुम्हाला आवडलं म्हणून मला हिंमत आली. आई तेव्हा त्या बाजूला फिरकल्या की मी पोतं टाकून झाकायचो. त्यांना वाटायचं मी खोडाची फळी काढून राहिलो.

त्या दिवशी पदराशी अडलो होतो. कपाळावर पदर कसा वळतो, चुण्या कशा पडतात, काही जमेना. पोतं बाजूला पडलेलं. तेवढ्यात आई पाण्याची घागर घेऊन आल्या. त्यांनी खोडाकडं पाहिलं. घागर हातातून सुटली. आणि त्या माझ्याकडं हात करून ओरडल्या, "मर! मर!" दोनदा नाही, चार-पाचदा. पुढं कानडीत भराभर काहीतरी बोलल्या, चिगुर की काय. डोळ्यांतून पाणी चाललेलं. मग धावत आत गेल्या आणि दार लोटलं.

अप्पा, ज्या माउलीनं मला अर्धी भाकरी जास्त घातली तिनं मला मर म्हटलं. ते दार उघडायची वाट बघायची माझी छाती नव्हती. हत्यारं हातात घ्यायचीही लाज वाटली. तडक मोटारस्टँडवर गेलो.

तुमचं पत्र आलं होतं. मी फोडलं नाही. त्यात काय असणार हे मला ठाऊक होतं. हत्यारांच्या पेटीच्या तळाशी घातलं, अजून तिथंच आहे. नंतर दोन-तीनदा लाकडात चेहरा दिसला, पटाशी लावली, पण हात कापायला लागायचा. मग सोडून दिलं. गाडीखाली पान तेवढं कोरतो. पानाला तोंड नसतं, ते कुणाचं आयुष्य कमी करीत नाही.

आई हयात आहेत हे तुमच्या पत्रानं कळलं तेव्हा छातीवरचा दगड हलला. कशा आहेत?

आपला,
भुजंग


तार
उदगीर, २८ सप्टेंबर १९८२

झाड तोडत नाही. पेटीतलं पत्र फोड. रेवणसिद्ध.


उदगीर, जि. लातूर
२८ सप्टेंबर १९८२

अरे वेड्या भुजंगा,

तार केली, आता सविस्तर लिहितो.

मर म्हणजे झाड. कानडीत झाडाला मर म्हणतात!

तुझा तरी काय दोष? सहा महिने आमच्यात राहिलास, चार कानडी शब्द शिकलास, पण हा तुझ्या कानावर कधी पडलाच नाही. घरात मी, माझी बहीण, मोंढ्यातले हमाल, सगळे झाडाला 'गिडा' म्हणतो. 'मर' हा आईचा शब्द. ती रोज आत देवापुढं कानडी वचनं पुटपुटते ना, त्यांतला. एरवी तुझ्याशी ती मोडकीतोडकी मराठी बोलायची. पण माणूस हरखला की आपल्या भाषेत ओरडतो. 'मर चिगुरितु' म्हणाली ती. झाडाला पालवी फुटली! तू खाली मान घालून पदराशी झटत होतास आणि तुझ्या डोक्याच्या हातभर वर तांबडी पानं आली होती. तिनं ती पाहिली. हात केला तो तुझ्याकडं नव्हे, तुझ्या वर.

आणि दार लोटून आत पळाली ती विभूती आणायला. झाडाला लावायला आणि तुझ्या कपाळाला. बाहेर आली तर तू नाहीस. नऊ वर्षं ती मला विचारतेय की त्या लेकराला एवढं काय घाईचं काम निघालं होतं.

तुझं पत्र मी आधी एकट्यानं वाचलं, मग तिला वाचून दाखवलं. 'मर'शी आलो तशी ती हसायला लागली. इतकी हसली की ठसका लागला. मग म्हणाली, "येवडी वर्सं त्ये घेऊन हिंडला? येक डाव माघारी वळून इचारायचं न्हाई का?" आणि पदरानं डोळे पुसत राहिली. माझ्यानंही राहवलं नाही.

तू 'वाळकं खोड' लिहिलंस ते मला खटकायला हवं होतं. मला वाटलं, रागानं लिहिलं असशील. आता त्या वाळक्या खोडाखाली आमचा अर्धा मोंढा दुपारचा लवंडतो. मी त्यावर करवत चालवायला निघालो होतो, तेही तुझ्या शब्दावर. करवतवाल्यांना नको म्हणून कळवलं. गोदाम मागच्या बाजूला बांधीन, थोडं लहान होईल.

आई ठीक आहे. डोळ्यांनी कमी दिसतं. म्हणून सांगतो, लवकर ये. हत्यारांना मी दर दिवाळीला तेल लावत आलोय. कुणा गरजूला दिली नाहीत.

तुझा,
रेवणसिद्ध


हदगाव, जि. नांदेड
२२ नोव्हेंबर १९८२

रेवणअप्पा यांस नमस्कार.

सुखरूप पोचलो. आईंनी बांधून दिलेल्या शेंगाच्या पोळ्या चतुराबाईला आवडल्या. ती म्हणते, पुढच्या खेपेला मी बी येणार.

तुमच्या घरी असताना मला नीट बोलता आलं नाही. तुम्ही दुकानात गेलात आणि मी त्या दुपारी लिंबासमोर एकटा बसलो, ते तुम्हाला सांगायचं राहिलं. इथून निघताना ठरवून आलो होतो की पदर पुरा करायचा. पेटीतलं पत्र वाचल्यापासून मनात तेच होतं. पटाशीला धार लावून आणली होती.

आणि बघतो तर पदर झालेला होता.

मी खोडाची साल जिथवर काढली होती तिथून, चारही बाजूंनी, झाडानं आपली नवी साल आत वळवत आणली होती. जखम भरते तशी. मूर्तीच्या डोक्यावर ती जाड, गोल वळून कपाळापर्यंत आली होती आणि एका कानामागून खांद्यावर उतरली होती. चुण्यांसकट. ज्या चुण्यांशी मी आठ दिवस अडलो होतो त्या झाडानं नऊ वर्षं बसून घातल्या. आई माझ्याजवळ आल्या, माझा हात धरून त्या सालीवरून फिरवला आणि म्हणाल्या, "तुझं कुठवर आन् ह्याचं कुठून, मला तर कळंना." मलाही कळेना, अप्पा. मी पटाशी पिशवीतून काढलीच नाही.

परतताना मोटारीत मला सारखी पैनगंगेतली ती मुळं आठवत होती. दगड धरून बसलेली. तेव्हा मला वाटलं होतं की मला दिसतंय म्हणून ते आहे. खरं तर लाकूड आधीपासून काहीतरी करीत असतं, मी मधेच जाऊन हात लावतो. हे कळायला मला दहा वर्षं लागली, त्यातली नऊ रुसण्यात गेली.

आल्यावर एक उंबराचं मूळ घेतलं. त्यात वासरू दिसत होतं. पूर्वी मी त्याला कान केले असते, डोळे केले असते, खूर केले असते. या वेळी मानेजवळ थोडं तासलं आणि थांबलो. वासरू उठून उभं राहतंय. हात कापला नाही. चतुराबाई म्हणते, "आर्धंच केलंय." मी म्हटलं, "बाकीचं त्याचं त्याला करू दे."

एक गोष्ट मात्र आईंना सांगायची हिंमत झाली नाही, तुम्हीच सांगा. साल वळायची थांबणार नाही. झाड जिवंत आहे तोवर ती दरवर्षी थोडी आत येईल. आज पदर आहे, उद्या डोळे झाकतील, मग सगळा चेहरा. तासून मागं सारता येते, पण झाडाला पुन्हा जखम होईल. आई म्हणतील तसं करू.

आपला,
भुजंग


उदगीर, जि. लातूर
१४ मार्च १९८४

(आई सांगते तसंच लिहितो, एक अक्षर बदलायचं नाही असा हुकूम आहे. रेवणसिद्ध.)

भुजंगाला गौरम्माचा आशीर्वाद.

लिंबाला अवंदाबी पालवी आली. रेवण म्हणला, तांबडी हाय. मला आता तांबडं-हिरवं कळत न्हाई, हातानं बघते. पानं लई मऊ लागली.

तू त्या डाव रेवणला लिवलं होतं, साल फुडं येनार म्हणून. त्यानं मला तवाच सांगितलं. मला काय नवं न्हाई त्ये. बाईमानसाचा पदर वयानं फुडंच येतो. काल हात फिरवला तर डोळे झाकले गेले बघ. तिचेबी झाकले, माझेबी झाकत आले. दोगी बरुबरीनं चाललो. मला त्याचं वाईट वाटत न्हाई. तू तासू नको. झाडाला लागंल.

पन नाक अजून उघडं हाय. हात लावला की मला माझंच नाक लागतंय, आन् हसू येतंय. त्ये झाकायच्या आत येऊन जा. चतुराला आन. पटाशी आनू नको, भाकर खायला ये. अर्धी जास्तीची तुझीच हाय.

आन् दारात आलास की म्या वरडणार हाय. अवंदा पळू नको.

तुला मर म्हननारी,
गौरम्मा